सैल झाकणं

चौगले सरांनी आयुष्यात एकही झाकण घट्ट लावलं नसावं. पेनचं टोपण, पाण्याची बाटली, प्रयोगशाळेतल्या कुप्या, सगळ्यांवर झाकण नुसतं टेकवलेलं. नवख्यानं झाकणाला धरून बाटली उचलली, की झाकण हातात आणि बाटली टेबलावरच. जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक असा कसा, हे आम्हा विद्यार्थ्यांना कोडंच होतं.

मी गडहिंग्लजकडच्या खेड्यातली. घराण्यातली पहिली पदवी माझी. नव्वदच्या दशकात कोल्हापूरला पीएच.डी.साठी सरांकडे गेले, तेव्हा "इंग्रजी येतं का?" असं त्यांनी विचारलं नाही. "चिकाटी हाय न्हवं?" एवढंच म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता हातात पिपेट दिलं. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. विद्यार्थ्यांना ते गावावरूनच हाक मारायचे.

"ए गडहिंग्लज, पावणं आलं का?"

पावणं म्हणजे नवा रेणू. सर सांधेसुजीवर औषध शोधत होते. सूज वाढवणाऱ्या एका एन्झाइमला धरून बसेल आणि त्याचं काम बंद पाडेल, असा रेणू हवा होता. वनस्पतींतून रेणू वेगळे करायचे, एन्झाइमवर सोडायचे आणि बघत बसायचं. बहुतेक पावणे दारातूनच परत जायचे. मी तोंड पाडून तसं सांगितलं, की सर विचारायचे, "चहा दिलास का? आपल्यात पावण्याला तसंच लावून देत्यात व्हय?"

चहा देणं म्हणजे तोच प्रयोग पहिल्यापासून पुन्हा करणं.

परिषदांत मोठ्या शहरांतले लोक हसून विचारायचे, "कोल्हापुरात औषध शोधताय?"

"व्हय की," सर म्हणायचे. "सूज काय पुण्या-मुंबईलाच येती?"

आणि एकदा निर्गुडीतून काढलेला एक रेणू एन्झाइमला असा काही बसला, की उठायचं नाव नाही! सरांनी शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. मग माझ्याकडे वळले. "आता ह्याला चहा दे."

"सर, हे पावणं तर मुक्कामाला राहिलंय की!"

"राहणाऱ्याची तर जास्त चौकशी करावी."

मी ताजं द्रावण करून प्रयोग केला. काहीच नाही. पुन्हा केला. काहीच नाही. शेवटी आधीच्या प्रयोगातली कुपी उचलायला गेले, तर झाकण अलगद माझ्या बोटांत आलं. रेणू ज्यात विरघळवला होता ते मिथेनॉल उडून गेलं होतं. तळाशी उरलेलं द्रावण एवढं तीव्र झालं होतं, की त्यानं कुठलंही एन्झाइम गुदमरलं असतं. कुपीवरचं अक्षर सरांचं होतं.

सरांनी कुपी उजेडात धरली. मग पेढा खाल्लेल्या प्रत्येकाकडे स्वतः जाऊन सांगून आले, "निकाल चुकीचा हाय. चूक माझी. पेढा तेवढा पचवा." त्या दिवसापासून प्रयोगशाळेतलं प्रत्येक झाकण ते स्वतः फिरवून बघू लागले, आणि आम्हालाही तीच शिस्त लागली.

पुढच्या रविवारी प्रबंधाचं एक प्रकरण दाखवायला मी कसबा बावड्याला त्यांच्या घरी गेले. सर चहा करत होते. त्यांच्या पत्नी, काकू, खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. वय फार नव्हतं, पण हाताचे सांधे सुजलेले आणि बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालेली.

"साखर काढून दे गं त्यांना," काकू म्हणाल्या.

मी फळीकडे बघितलं. तिखट, मीठ, पोहे, लोणचं. एकूण एक डब्याबरणीवर झाकण नुसतं टेकवलेलं.

"आवळलं तर मला उघडत न्हाई," काकू हसल्या. "दुखणं जडल्यापास्नं ह्यांच्या हाताला तीच सवय लागलीया."

मी साखर काढली आणि प्रयोगशाळेतल्या नव्या शिस्तीनं बरणीचं झाकण घट्ट फिरवलं. सरांनी बरणी ओढून घेतली, झाकण सैल केलं आणि फळीवर ठेवून दिली.

मग माझ्यापुढं कपबशी सरकवत म्हणाले, "पी लवकर. उद्या नवं पावणं यायचं हाय."