दंतवार्तेला वाचक हवेत

"हा घास तू किती वेळा चावलास?" डॉक्टरांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी हातातला चमचा ताटात आपटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दाढा, हिरड्या आणि कीड यांच्याशिवाय एक जेवण, फक्त एक जेवण सुखाने पोटात गेलं असेल तर शपथ! सकाळच्या चहाबरोबर मुखदुर्गंधी, दुपारच्या भाताबरोबर पू, आणि रात्रीचं तर विचारूच नका. दातांच्या डॉक्टरचं दुखणं असं, की तो दिवसभर बोलत असतो आणि समोरच्याला काही ऐकूच येत नसतं. त्याचं सगळं लक्ष त्या गरगरणाऱ्या ड्रिलकडे. मग ऐकून घेणारं हक्काचं माणूस उरतं ते घरातलं.

"अहो, एवढं सगळं माहीत आहे तर लिहा ना कुठेतरी!" त्या वैतागून म्हणाल्या. "आजकाल जो तो ईमेलवर न्यूजलेटर काढतो. तुम्हीही काढा. दर आठवड्याला लोकांना एक पत्र पाठवायचं. मला एकटीला सांगून तुमचं ज्ञान फुकट चाललंय."

बोलून गेल्या आणि सुटल्या, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी ते फारच मनावर घेतलं. भाचीला बोलावून कॉम्प्युटरवर सगळी मांडामांड करून घेतली, 'दंतवार्ता' असं नाव ठेवलं, आणि पहिला लेख लिहिला तो अक्कलदाढेवर. लेख मनात घोळत असल्यामुळे डॉक्टर जेवताना गप्प बसू लागले. घरात नुसते चमच्यांचे आवाज. डॉक्टरीणबाईंना आपल्याच हातची भाजी किती छान होते, हे पहिल्यांदा कळलं.

हे सुख जेमतेम पंधरवडाभर टिकलं. एके दिवशी डॉक्टर पडलेल्या चेहऱ्याने ताटावर येऊन बसले.

"तीन वाचक आहेत," ते म्हणाले. "मी, तू आणि माझी ताई. त्यातली ताई उघडूनसुद्धा बघत नाही."

"हळूहळू वाढतील हो."

"छे! कोणी वाचतच नसेल तर लिहायचं कशाला? त्यापेक्षा मी आपला तुलाच सांगत जाईन. तू निदान ऐकतेस तरी. आता हेच बघ, तू आत्ता जो बटाटा खाल्लास ना, त्याचा पिठूळ अंश दाढेच्या खाचेत..."

"थांबा!" डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच. "वाचक मी आणते. किती हवेत तेवढे आणते. तुम्ही फक्त लिहा."

दवाखान्यातलं काउंटर त्याच सांभाळत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी येणाऱ्या प्रत्येक पेशंटला गोड आवाजात विचारायला सुरुवात केली. पण लोक काय बिलंदर! एकाने "मी ईमेल वापरतच नाही" असं सांगितलं आणि फोनवर ईमेल वाचायला लागला. एक टक्कल पडलेले गृहस्थ म्हणाले, "आईला विचारून सांगतो." दाढ उपटून घ्यायला निमूट तयार होणारी माणसं ईमेलचं नाव काढलं की दाराकडे सरकायची.

"तुला विचारता येत नाही," डॉक्टर आतून म्हणाले. "ते माझ्यावर सोड."

खुर्चीत तेव्हा बँकेचे मॅनेजर आडवे होते. तोंडात आरसा, गालात कापसाचे बोळे, जिभेखाली लाळ ओढणारी नळी.

"दर आठवड्याला एक छोटंसं पत्र पाठवत जाऊ ना तुम्हाला?" डॉक्टरांनी ड्रिल हातात घेत प्रेमाने विचारलं.

"आं... आं आं!"

"हो म्हणतायत. घाल गं यांचं नाव!"

"अहो, नाही म्हणत असतील ते!"

"काहीतरीच! उभा जन्म मी हेच ऐकतोय. होकाराचा आं वेगळा असतो."

मॅनेजरसाहेबांचे पाय हवेत झाडले जात होते, ते काउंटरवरून स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. मग त्यांना रात्रीचं जेवण आठवलं. नाव त्यांनी मुकाट्याने टाइप केलं. ईमेलचा पत्ता अपॉइंटमेंटच्या वेळी घेतलेला होताच. त्यानंतर खुर्चीत बसलेला एकही माणूस सुटला नाही. वाचक भराभरा वाढले, डॉक्टर खूश झाले, आणि घरातली शांतता परत आली.

आता डॉक्टरांनी इथेच थांबायला काय हरकत होती? पण नाही. दंतवार्ता बरोबर जेवणाच्या वेळी पोहोचली पाहिजे, म्हणजे विषय ताजा असतो, अशी त्यांनी एक थोर कल्पना काढली. शिवाय आता फोटोही घालायचे. पहिल्याच फोटोत किडलेली दाढ होती, आणि ती मॅनेजरसाहेबांच्या मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर भिंतीएवढी उघडली. समोर मोठे साहेब डबा खात बसले होते. पेशंटांतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी सूपचा पहिला घोट घेता घेता फोन उघडला आणि ते सूप त्यांनी आजतागायत पुन्हा केलेलं नाही.

भाचीने प्रत्येक पत्राच्या तळाशी 'नको असल्यास इथे दाबा' असं बटण ठेवलं होतं. लोकांनी ते धडाधड दाबलं. डॉक्टरांना ते इतकं लागलं की त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला ते बटण काढून गेलेली नावं परत घालायला लावली आणि बटणाच्या जागी स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहिली. 'नाव काढायचे असल्यास कृपया दवाखान्यात समक्ष यावे.'

"कोणी एवढ्याशासाठी येणार नाही," ते समाधानाने म्हणाले.

सगळे आले! पुढचं पत्र गेलं आणि दुसऱ्याच सकाळी डॉक्टरीणबाईंनी कुलूप उघडलं तर दारात रांग. बाकं भरली, जिना भरला, रांग फुटपाथवर गेली. एवढी गर्दी बघून येणारेजाणारेही थांबू लागले. "फुकट तपासतायत का हो?" असं विचारत पाचसहा जण उगाचच रांगेत घुसले.

डॉक्टर दारातून डोकावले आणि त्यांचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. "बघितलंस? वाचक लेखकाला भेटायला आलेत!"

"अहो, ते नाव काढायला आलेत!"

"एकाच वेळी दोन्ही असू शकतं. पहिल्यांना पाठव आत."

पहिल्या होत्या मुख्याध्यापिकाबाई. त्या खुर्चीत बसल्या नाहीतच, ओठ गच्च मिटून उभ्या राहिल्या आणि दातांच्या फटीतून म्हणाल्या, "नाव काढा."

"काय म्हणताय? तोंड उघडल्याशिवाय कळत नाही बाई."

"उघडलं की तुम्ही हो समजता!"

मागून मॅनेजरसाहेब रुमालाने तोंड दाबून काहीतरी ओरडले. त्यांच्या मागचा माणूसही ओरडला, पण तोही ओठ मिटूनच. दवाखानाभर नुसतं हुं हुं हुं चाललं होतं आणि डॉक्टर सगळ्यांना विनवत होते, "जरा आ करा, आ करा!" फुकट तपासणीसाठी घुसलेल्यांनी तेवढा आ केला, आणि डॉक्टरांनी त्यांचेही होकार मिळवले.

डॉक्टरीणबाईंचं डोकं फिरलं. काउंटरवरचा कॉम्प्युटर पुढे ओढून त्यांनी दंतवार्तेतूनच सगळ्या वाचकांना एक पत्र खरडायला घेतलं. रागात लिहिलं, त्यामुळे एकदाही अडल्या नाहीत.

'मंडळी, तुमची नावं मी घातली. माझा नवरा जेवताना दातांवर बोलतो. एकदा भात अळणी झाला, वाटलं आता मिठावरून बोलतील, तर म्हणाले, मीठ राहू दे, तुझी खालची डावी दाढ हलतेय. वाढदिवसाला मला हिऱ्याच्या कुड्या नको होत्या, एक घास शांतपणे हवा होता. तो मिळावा म्हणून मी तुम्हा सगळ्यांना त्यांच्या तोंडी दिलं. चुकलं माझं. आज सगळ्यांची नावं काढते. ज्यांना राहायचंच असेल, त्यांनी तसं कळवा, म्हणजे मला नवल करता येईल.'

पाठवलं. रांगेतले फोन एकदम वाजले. हुं हुं थांबलं. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचलं आणि त्या जिना उतरून गेल्या. हळूहळू सगळेच गेले.

संध्याकाळपर्यंत उत्तरांचा नुसता पाऊस पडला. मुख्याध्यापिकाबाईंनी लिहिलं होतं, 'माझे यजमान वकील होते. चाळीस वर्षं मी जेवताना उलटतपासणी दिली. आज पहिल्यांदा कोणीतरी समजून घेतल्यासारखं वाटलं. माझं नाव काढू नका. फक्त डॉक्टरांचं पाठवू नका, तुमचं पाठवा.' मॅनेजरसाहेबांनी कळवलं होतं, की त्यांची बायको हे पत्र मोठ्याने वाचतेय आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघतेय. त्या बाईंनी स्वतःचंही नाव घालायला सांगितलं होतं. कोणी नणंदेला, कोणी शेजारणीला पत्र पुढे पाठवलं होतं. सगळ्यांना एकच हवं होतं, पुढच्या आठवड्यात डॉक्टर जेवताना काय म्हणाले ते.

डॉक्टरांनी बायकोचं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर पिळत उभ्या होत्या. आता वाद होणार, याची त्यांना खात्री होती.

"मी एवढं बोलतो?" ते हळूच म्हणाले.

"हो."

"पूबद्दलसुद्धा?"

"भात वाढला की हमखास."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "मला वाटायचं, तुला आवडतं," ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडलं, पण डॉक्टर उठून गेले होते.

त्या दिवसापासून डॉक्टर ताटावर अगदी गप्प. दंतवार्ता त्यांनी बायकोच्या हवाली केली आणि स्वतः खाली मान घालून जेवू लागले. डॉक्टरीणबाईंनी पहिले काही आठवडे जुन्या आठवणींवर भागवलं. मधुचंद्राला हॉटेलच्या वेटरची हिरडी तपासली होती, तो किस्सा तर फारच गाजला. वाचक वाढतच होते. पत्राला जरा उशीर झाला की मुख्याध्यापिकाबाईंचा फोन यायचा.

आणि मग आठवणी संपल्या.

दुसऱ्या दिवशी पत्र जायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोघांची पानं वाढली. डॉक्टरांनी भात कालवला. घरात चिडीचूप. एवढी शांतता, की घड्याळाचीसुद्धा कटकट वाटावी. डॉक्टरीणबाई नुसत्याच बटाटा इकडून तिकडे सरकवत राहिल्या.

"भात बरा झालाय का?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"माझी ती डावीकडची दाढ जरा दुखतेय बघा."

डॉक्टरांचे डोळे क्षणभर चमकले, पण त्यांनी ओठ मिटून घेतले. "दवाखान्यात बघू. जेवताना नको. लोक वाचतात."

"अहो, असं काय करता? बोला ना काहीतरी!"

"काय बोलू?"

"काहीही बोला. तो पू हिरडीत कुठून येतो, ते सांगा एकदा पहिल्यापासून." डॉक्टरीणबाईंनी ताट बाजूला सारलं आणि पेन उघडलं. "आणि जरा सावकाश सांगा, मला लिहून घ्यायचंय."