खांद्यावरचं भोक

सोमवारी सकाळी साडेआठला सूनबाईंनी कपाटातून कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर पसरला, आणि डाव्या खांद्यावरचं भोक तिथे नव्हतं. वस्तू हरवते, माणूस हरवतो, पण भोक हरवल्याची तक्रार कुठे करायची असते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी कोट उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी उजेडात नेला. कोट चांगला धडधाकट होता.

कोट त्यांचा नव्हता, वस्तुसंग्रहालयाचा होता. नव्वद वर्षांपूर्वी एका टपालवाल्याने तो शिवून घेतला. त्याच्यामागे मुलाने वापरला, मुलामागे नातीने बेतून आपल्या मापाचा केला. तिघांनीही त्याच खांद्यावर टपालाची पिशवी अडकवली, आणि पट्टा घासून घासून तिथे अंगठा जाईल एवढं भोक पडलं. सूनबाई वस्त्रविभागाच्या प्रमुख, म्हणजे विभागात त्या एकट्याच. पूर्वी माणसं एकेक कपडा कसा पुरवून पुरवून वापरत, हे सांगणारं प्रदर्शन त्यांनी दोन वर्षं खपून उभं केलं होतं, आणि त्यातला मानकरी म्हणजे हे भोक. पोस्टरवर भोक, निमंत्रणपत्रिकेवर भोक, काचेखाली पाटी: 'कृपया हे भोक नीट पाहा.' उद्घाटन दुपारी चारला. प्रदर्शन पडलं तर वस्त्रविभाग बंद करून तुम्हाला शंखशिंपल्यांच्या खोलीत बसवू, असं संचालकांनी हसत हसत सांगितलं होतं. संचालक खरं बोलायचे ते नेहमी हसतच.

शनिवारी संग्रहालयाच्या कोठीचं छत गळायला लागलं, म्हणून नियम मोडून त्यांनी कोट घरी आणला. उभ्या जन्मात एकदाच नियम मोडला, आणि तोही असा अंगाशी आला.

"पाहिलास का कोट?" दारातून बाबांनी विचारलं.

बाबा म्हणजे सासरे, चाळीस वर्षांचे रफूवाले. पुढे कपडे इतके स्वस्त झाले की रफूपेक्षा नवा शर्ट परवडू लागला, गिऱ्हाइकं आटली, त्यात डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि हात कापायला लागला. "बाबा, आता आराम करा," असं मुलगा म्हणाला. त्या दिवसापासून चार वर्षं बाबा खिडकीशी बसून होते.

"काल तू बाहेर गेलीस तेव्हा दिसला. म्हटलं, घरात रफूवाला असून सून फाटका कोट घालून कामावर जाते, लोक काय म्हणतील? आतल्या शिलाईतून त्याच कापडाचे धागे काढले. सहा तास लागले. पण बघ, हात हलला नाही."

त्यांनी हात पुढे धरला. खरंच हलत नव्हता.

"सुरेख झालंय, बाबा," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि जे शिवलं ते उसवतं, असा तोडगा काढला. म्हणून सूनबाईंनी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की नक्की कुठे केलात रफू? बाबांनी चष्मा चढवला, भिंग घेतलं, पाव तास बोटाने खांदा चाचपला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"नाही सापडत. अगं, सापडला तर तो रफू कसला?"

मग नवऱ्याने ब्लेड आणून दिलं. सूनबाईंनी ते खांद्यावर धरलंही. पण नव्वद वर्षांत हा कोट मुद्दाम फाडणारं आपण पहिलंच माणूस, आणि फाडायचे तेही बाबांचे सहा तास, हे मनात आलं आणि बोटंच चालेनात. ब्लेड परत गेलं.

अकरा वाजता संग्रहालयाच्या दारात त्यांना वाट दिसली, आणि तीही नको त्या ठिकाणी. प्रदर्शनाला पैसे देणाऱ्या कपड्यांच्या कंपनीने याच कोटाच्या दोनशे नकला शिवून दाराशी विकायला टांगल्या होत्या. कापड नवं, निम्मं प्लॅस्टिक, आणि डाव्या खांद्याला कारखान्यातच मशीनने पाडलेलं भोक. जुनं टाकू नका असं आत सांगायचं आणि दाराशी नवं फाटकं विकायचं, यावरून सूनबाई महिनाभर भांडल्या होत्या आणि हरल्या होत्या. आज त्यांनी त्यातलाच एक कोट गुपचूप उचलला आणि काचेच्या कपाटात लावला. खरा आपल्या खोलीत कुलपात ठेवला.

"वा, भोक काय उठून दिसतंय," संचालक म्हणाले. सूनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारला प्रमुख पाहुणे आले आणि भोकावर अकरा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. सगळं पार पडलं असं वाटत असतानाच गर्दीतून नवरा येताना दिसला, आणि त्याच्यासोबत इस्त्रीच्या शर्टातले बाबा. तुमचा रफू काचेत लागलाय, चला दाखवतो, असं सांगून त्याने त्यांना प्रेमाने आणलं होतं. प्रेमळ माणसाला अक्कल देताना देव नेहमीच हात आखडता घेतो.

बाबा पाटीकडे न बघता थेट कपाटापाशी गेले. वाकले. काचेवर टेकलेला त्यांचा हात हळूहळू थरथरायला लागला.

"सुटला का गं?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "चाळीस वर्षांत एक नाही सुटला. हा एका दिवसात सुटला. तुला सकाळीच कळलं असेल. मला वाईट वाटू नये म्हणून बोलली नाहीस."

संचालक हातभर अंतरावर उभे होते, त्यांच्या शेजारी वही घेतलेला पत्रकार. नुसती मान डोलावली असती तरी नोकरी शाबूत होती. सूनबाईंनी त्या हाताकडे पाहिलं.

"तुमचा रफू सुटला नाही, बाबा. तो शोधून सापडत नाही. खरा कोट माझ्या खोलीत कुलपात आहे. हा खोटा आहे, दाराशी विकायला टांगलेल्यातला."

त्या हे जरा मोठ्यानेच बोलल्या असाव्यात, कारण पत्रकार वहीत भराभर लिहायला लागला. संचालकांचं हसू पहिल्यांदाच मावळलेलं दिसलं. सूनबाईंच्या डोळ्यांपुढे शिंपले आले, ओळीने, नंबर लावलेले.

बाबा मात्र ताठ उभे राहिले. हात थांबला होता.

"तरीच," ते म्हणाले. "म्हटलं, कापड इतकं हलकं कसं."

मग त्यांची नजर दाराकडे गेली. तिथे दोनशे कोट टांगले होते आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्याला भोक होतं. बाबांनी एका रांगेतले कोट मोजले, मग रांगा मोजल्या. त्यांनी खिशातून सुयांची डबी काढली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"कुणीतरी फसवलंय गं तुम्हाला. सगळा माल फाटका दिलाय. पण काळजी करू नकोस, मी आहे. रोज दोन धरले तर शंभर दिवसांत होतील."