कोबीचे अकरा दिवस

ज्या अन्नाची नोंद नाही, ते अन्न मनुष्याने खाल्ले असे शासनदृष्ट्या म्हणता येत नाही. फार तर त्याची भूक परस्पर भागली, एवढेच म्हणता येते. हे तत्त्व वरकरणी कठोर वाटेल. परंतु मानवजातीने सहस्रावधी वर्षे कोणतीही नोंद न ठेवता खाल्ले आणि त्या काळातील यच्चयावत सर्व माणसे आज मृत आहेत, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही.

आहार-नियमन कार्यालय याच तत्त्वावर उभे होते. चार मजल्यांच्या त्या इमारतीत पाकिटांवरील मजकूर तपासला जाई. कोणते अक्षर किती लहान असावे, किती मिठापर्यंत 'हृदयास हितकर' असे लिहिता येते, आणि पाकिटावर फळाचे चित्र छापण्यासाठी आत फळ असणे कितपत आवश्यक आहे, अशा प्रश्नांचा तेथे अहोरात्र, म्हणजे साडेदहा ते साडेपाच, विचार होत असे. (फळ पूर्वी आवश्यक होते. पुढे ते 'इष्ट' झाले. सध्या विषय उपसमितीकडे आहे.)

अशा कार्यालयाच्या तळमजल्यावर, सायकलींच्या छपरामागे, गेली बावीस वर्षे एक उपाहारगृह कसल्याही लेबलावाचून माणसे जेवू घालीत आहे, हे नव्या संचालकांच्या ध्यानी आले. त्यांना झालेले दुःख शब्दांत मांडता येण्याजोगे नव्हते. तरी त्यांनी ते तीन पानी परिपत्रकात मांडले.

उपाहारगृह चालवणाऱ्या बाईंना सारे मावशी म्हणत. मावशींची कार्यपद्धती सर्वस्वी अशास्त्रीय होती. बाजार उठण्याच्या सुमारास त्या पिशव्या घेऊन निघत, कारण त्या घटकेला विक्रेत्याला घरी जाण्याची घाई असते आणि भाजी निम्म्या दराने सुटते. जे त्या दिवशी स्वस्त, ते दुसऱ्या दिवशी पातेल्यात. कोबी, दुधी, गाजरे, एखादी पालेभाजी. जोडीला डाळ, भिजवलेले कडधान्य, भात, आणि मागेल त्याला उकडलेले अंडे. त्यांच्या ताटाचा दर पाकिटातल्या झटपट जेवणाहून कमी होता, ही बाब संचालकांना विशेष संशयास्पद वाटली. स्वस्त आणि ताजे, दोन्ही एकाच ताटात येते म्हणजे कोठेतरी काहीतरी दडवलेले असणारच, असे त्यांनी परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर सूचित केले होते.

परिपत्रकाची अंमलबजावणी मुख्य लिपिकांकडे आली. त्यांना कार्यालय अण्णा म्हणे. अण्णांच्या हातून तीस वर्षांत एकही कागद टाचणीवाचून पुढे गेला नव्हता, आणि ही कीर्ती त्यांना पगाराहून प्रिय होती. मात्र या प्रकरणी त्यांचा एक खाजगी हितसंबंध होता, आणि तो त्यांच्या रक्तात होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रक्तातली साखर अशा आकड्यास पोचली होती की तपासनीसाने यंत्र बिघडले असावे म्हणून पुन्हा सुई टोचली. यंत्र ठणठणीत होते. तेव्हापासून अण्णा दुपारी मावशींकडे जेवू लागले, आणि आकडा पायरी पायरीने खाली आला. डॉक्टरीणबाई प्रसन्न झाल्या. "दुपारी जे काही खाताय ना, ते सोडू नका," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी काय खाता ते मला सांगू नका. मी विचारतही नाही. पण दुपारचं सुटलं, तर गोळ्यांवर भागायचं नाही, सुईवर जावं लागेल."

(संध्याकाळी अण्णा व त्यांच्या पत्नी, दोघेही कामावरून थकून आल्यामुळे, पाकीट फोडून त्यात उकळते पाणी ओतीत, आणि ते मुरेपर्यंत दूरदर्शन संचावर ताज्या पाककृतींचा कार्यक्रम पाहत.)

तर अण्णा नमुनापत्र घेऊन खाली गेले. मावशी कोबी चिरीत होत्या.

"मावशी, हे भरून द्यावं लागेल. घटक सांगा."

"कशाचे?"

"या कोबीचे."

"कोबी."

"ते झालं पदार्थाचं नाव. कोबीत काय काय आहे?"

"कोबीत कोबी आहे हो अण्णा! उद्या विचाराल, अंड्यात कोण आहे म्हणून."

अण्णांनी 'घटक : एक' असे लिहिले. लिहिताना त्यांनाही ते उघडेबोडके वाटले. परिपत्रकासोबत तुलनेसाठी आलेल्या झटपट जेवणाच्या पाकिटावर सदतीस घटक होते, त्यांतला एकोणिसावा 'कोबीसदृश स्वाद' होता.

"टिकण्याची मुदत?"

"दीड वाजेपर्यंत."

"दीड महिना म्हणा की!"

"दीड वाजेपर्यंत. दीडला वरच्या मजल्यावरचे टंकलेखक येतात. त्यांच्यानंतर पातेलं धुवायचंसुद्धा फारसं उरत नाही."

अण्णांनी पुढचा रकाना कोरा सोडला, मावशींकडून अंगठ्याएवढी सही घेतली, आणि नियमानुसार दोन नमुने सीलबंद केले. क्रमांक एक : कोबीची भाजी, झाकणाच्या डब्यात. क्रमांक दोन : झटपट जेवण, मूळ पाकिटात. दोन्ही नमुने प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे होते.

प्रयोगशाळा त्याच इमारतीत, अण्णांच्या टेबलापासून सतरा पायऱ्या वर होती. एखाद्या अडाण्याने डबा उचलून, जिना चढून, दोन मिनिटांत पोचता केला असता. परंतु डबा हाती नेण्याची तरतूद नव्हती. नमुना आवक विभागात गेला, तेथे त्यास आवक क्रमांक मिळाला. मग तो सीलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे गेला, ते रजेवर होते. मग ते परतले. सातव्या दिवशी नमुना जावक क्रमांकासाठी अण्णांच्या टेबलावर आला. जावक क्रमांक अण्णांनीच द्यावयाचा होता. परंतु जावक क्रमांकाची मागणी लेखी यावी लागते, आणि ती मागणीही अण्णांनीच करावयाची होती. अण्णांनी ती केली, स्वतःच्या आवक पेटीत टाकली, आणि आपली पाळी येण्याची वाट पाहिली. पेटीत आधीचे एकेचाळीस कागद होते. स्वतःचा कागद मध्येच वर काढणारा मनुष्य उद्या काय करील याचा भरवसा नाही.

चार दिवस डबा टेबलावर राहिला. तिसऱ्या दिवशी तो वासाने आपली उपस्थिती कळवू लागला, तेव्हा अण्णांनी तो खिडकीत सरकवला आणि नोंद केली : 'नमुना हवेशीर ठेवला.' अकराव्या दिवशी तो सतरा पायऱ्या चढला.

प्रयोगशाळेचा अहवाल निःसंदिग्ध होता. नमुना क्रमांक एक : सेवनास सर्वथा अयोग्य, डबा उघडताच एक सहायक रजेवर गेले. नमुना क्रमांक दोन : कोणताही बदल नाही. पाकीट उघडून नमुना आणखी नऊ दिवस टेबलावर ठेवला असताही बदल नाही. बुरशीने त्यास स्पर्श केला नाही. प्रयोगशाळेतील मुंग्यांनी आपला नेहमीचा मार्ग बदलून त्यास वळसा घातला, यावरून त्याची स्वच्छता सिद्ध होते.

आता या अहवालावर टिपणी लिहून, 'सबब, चूल बंद करावी' असा प्रस्ताव अण्णांच्या सहीने जावयाचा होता. अण्णांनी टिपणीचा मसुदा घरी नेला. पत्नींनी तो पाकिटातील वाफेवरून वाचला.

"अहो, पण ही भाजी अकरा दिवसांनी उघडली, हे कुठं लिहिलंय यात?"

"लिहिलं होतं. एक ओळ होती. काढली."

"का?"

"अकरा दिवस लिहिले, की कुणाच्या टेबलावर किती दिवस, हे विचारतात. चार माझ्याकडे निघतात."

"निघू देत! फार तर ताशेरा मारतील एक. इकडं साखर चढली तर ताशेऱ्यावर भागेल का? दुपारी खाणार काय तुम्ही?"

"नियमात बसेल ते."

"मग खा नियम. मीठ हवं तर सांगा," असे म्हणून पत्नींनी चमचा वाडग्यात टाकला आणि आवाज वाढवला (संचाचा, तेथे कोणी तरी कोवळे गाजर सोलत होते).

अण्णांनी त्या रात्री पुष्कळ विचार केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांना झोप लागली. सकाळी त्यांनी ती एक ओळ पेन्सिलीने समासात लिहून पाहिली. 'नमुना ताजा असताना तपासला गेला नाही.' सहा शब्द. त्यांत व्याकरणाची चूक नव्हती, तथ्याचीही नव्हती. मग तीस वर्षांची कीर्ती त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि त्यांनी रबर हाती घेतले. सही नेहमीप्रमाणे सुवाच्य आली.

चूल बंद झाली तेव्हा मावशींनी कटकट केली नाही. पातेली हातगाडीवर चढवताना एवढेच विचारले, "अण्णा, माझ्या कोबीला अकरा दिवस डांबून कुणी ठेवलं हो?"

"कुणी नाही मावशी. प्रक्रियेत लागले."

"असं होय? एकदा जेवायला पाठवा तिला. बिचारीनं ताजं कधी खाल्लेलंच दिसत नाही."

दुसऱ्या आठवड्यात मावशींनी परवाना काढून रस्त्यापलीकडे, बरोबर समोरच्या भिंतीपाशी चूल मांडली. तीच पातेली, तोच दर. इकडे कार्यालयात प्रत्येक मजल्यावर उकळत्या पाण्याचे यंत्र बसले आणि प्रत्येकाच्या खणात सदतीस घटक आले. भोजनाची वेळ चाळीस मिनिटांवरून चार मिनिटांवर आली. उरलेली छत्तीस मिनिटे कर्मचारी आम्लपित्ताविषयी परस्परांशी चर्चा करण्यात घालवू लागले, त्यामुळे विभागाविभागांतील संपर्क वाढला. तीन महिन्यांच्या अहवालात पुढील प्रगती नमूद आहे : पट्टा एक भोक पुढे सरकवणारे, एकशे अठरा; जिना सोडून लिफ्ट धरणारे, एकशे चाळीस; दुपारी तीन वाजता टेबलावर डोके ठेवून चिंतन करणारे, असंख्य.

अण्णांचा आकडा पुन्हा चढला. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला.

"दुपारचं काय झालं?"

"बंद झालं."

"बंद झालं, की केलं?"

गोळ्या दुप्पट झाल्या. एका दिवसाच्या गोळ्यांना जो खर्च येई, त्यात मावशींचे ताट दोनदा आले असते. "महिनाभर पाहते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आकडा खाली आला नाही, तर सुई."

"रस्ता ओलांडा," पत्नी रोज सकाळी म्हणत. "नुसता रस्ता ओलांडायचाय. समुद्र नाही."

अण्णा रोज साडेबाराला खिडकीपाशी उभे राहत. समोर वाफ दिसे. ज्याने सही केली त्यानेच ताट घेऊन रांगेत उभे राहावे, आणि तेही संचालकांच्या खिडकीखाली, हे त्यांना जमेना. एकदा मावशींनी शिपायाकडून निरोपही धाडला : "अण्णांना सांगा, त्यांची वाटी वेगळी काढून ठेवते. बिनसाखरेचं तोंड घेऊन या." अण्णांनी निरोप आवक नोंदीत घ्यावा की नाही याचा विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी जाण्याचे ठरवले. दुसऱ्या दिवशी ऊन होते. तिसऱ्या दिवशी बैठक होती. नंतर लिफ्ट बिघडली.

अशातच संचालकांनी, वातावरण निकोप राहावे म्हणून, गुप्त मतदान घेतले. प्रश्न एकच : 'आपल्या प्रकृतीस कोणते अन्न अधिक हितकर होते?' मते मोजण्याचे काम अर्थातच अण्णांकडे आले. दोनशे सहा चिठ्ठ्या. मावशींचे अन्न : दोनशे सहा. झटपट जेवण : शून्य. (एका चिठ्ठीवर मावशींच्या डाळीविषयी दोन ओळी अधिक होत्या. ते अक्षर अण्णांनी परिपत्रकांखाली पाहिलेले होते. मतदान गुप्त असल्यामुळे ते कोणाचे हे येथे सांगता येत नाही, संचालकांचे होते.) निकाल फलकावर लागला. लोक गटागटाने येऊन वाचत, "बघा, मी म्हणतच होतो," असे एकमेकांस सांगत, आणि यंत्रापुढे रांग लावत.

त्या दिवशी रस्ता ओलांडून गेलेले कर्मचारी : निरंक.

महिना भरला. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी अण्णांना पोटाची चिमूट धरून सुई कशी टोचावी हे दाखवले. मंगळवारी साडेबाराला अण्णा उठले, कोणाकडेही न पाहता जिना उतरले आणि रस्ता ओलांडला. यास एकंदर दोन मिनिटे लागली. भिंतीवर धुराचा एक काळा चौकोन होता. शेजारचा चांभार म्हणाला, "गेल्या त्या, शनिवारीच. गिऱ्हाईक नव्हतं. वाट फार बघितली तुम्हां लोकांची." अण्णांनी चौकोनास हात लावून पाहिला. तो गार होता. मग ते परत वर आले, त्यांनी खणातून पाकीट काढले, आणि पाणी ओतून चार मिनिटे थांबले.

येथवर आलेला सुज्ञ वाचक मनाने केव्हाच मावशींच्या बाजूचा झाला असेल, आणि संचालकांविषयी व अण्णांविषयी त्याच्या अंतःकरणात योग्य तो तिरस्कारही उत्पन्न झाला असेल. ही भावना उच्च आहे, आणि तिच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. ते दोनशे सहाही तिच्याच बाजूचे होते.