वसंतकाकांच्या फाटकावरची वही

वसंतकाकांकडे मेथीची जुडी आणायला गेलं, तरी आधी सही करावी लागते. फाटकाला सुतळीने बांधलेली वही, वहीला बांधलेलं पेन. आमद म्हणजे येणं, रवानगी म्हणजे जाणं, आणि तपशील असे तीन रकाने. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तपशिलात नुसतं ‘मेथी’ लिहिलं. काकांनी चष्मा वर केला.

“एक जुडी का दोन? नोंद म्हंजे नोंद, पोरी.”

दूधवाला रोज सही करतो. काकांचे जावई पहिल्या दिवाळसणाला सही मागितली म्हणून फाटकावरूनच परत निघाले होते. सही करत नाहीत त्या फक्त सुमनकाकू. “सोताच्या घरात सही करू? कैदी हाय का मी?” मग काकाच लिहितात, ‘सुमन. गिरणीत रवानगी. सही: नकार.’ अर्ध्या तासाने, ‘आमद. सही: नकार.’ अशा नकारांनी पाच वह्या भरल्यात, सहावी चालू आहे.

गल्ली हसते. मीही हसायचे, मनातल्या मनात. मग वहीचं कारण कळलं.

सहा वर्षांपूर्वी काका आपल्याच विहिरीवरची पाण्याची मोटर सायकलच्या कॅरिअरला बांधून दुरुस्तीला नेत होते. तेव्हा आमच्याकडे मोटरी चोरीला जात होत्या. भर आठवडी बाजारातून पोलिसांनी त्यांना मोटरीसकट उचललं आणि दोन दिवस सहा तास ठाण्यात बसवून ठेवलं. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, हे मी शाळेत पाठ केलं होतं, पेपरात लिहून पूर्ण मार्कही मिळवले होते. इथे अटकच कागदावर नव्हती. सुटल्यावर काकांनी जाब विचारला, तर उत्तर मिळालं, “तुम्ही इथं आलेच नाही. नोंद कुठाय?”

खोटं उघडं पडलं ते डब्यामुळे. काकू डबा घेऊन ठाण्यावर गेल्या होत्या. असा माणूस इथे नाही, असं त्यांना सांगितलं. नसलेल्या माणसाचा डबा मात्र ठेवून घेतला. पुढे चौकशीला वरचे साहेब आले, तेव्हा ठाण्यातली चहाची साखर त्याच डब्यात होती आणि झाकणावर कोरलेलं होतं, ‘सुमन हिस आईकडून’.

मेहकरच्या वकिलांनी हायकोर्टात भरपाई मागितली. ते म्हणाले, “काका, भरपाई म्हणजे शिक्षा नव्हे. झालेलं नुकसान भरून काढायचं, एवढंच.”

“मंग भरा ना! ज्या बाजारातून नेलं, त्याच बाजारातून मले घरी आनून सोडा. ठान्याच्या सायबानं संग चालावं.”

तशी सोय कायद्यात नाही, असं वकील म्हणाले.

“मंग इतकं मांगा, का पुढच्या टायमाले कोनाले नोंदीबिगर बसवतानी त्याइचा हात थरथरला पायजे.”

वकील हसले. मला हसू आलं नाही. भरपाई सरकारी तिजोरीतून जाणार, म्हणजे थोडी त्या दूधवाल्याच्याही खिशातून. ज्यांनी डब्यात साखर भरली, त्यांना तिची झळसुद्धा लागणार नाही. मग त्यांना कळणार कसं, की आपण काय केलं?

गेल्या महिन्यात निकाल आला. इंग्रजीत होता, म्हणून मला बोलावणं आलं. सही करून आत गेले. वाचून मराठीत सांगू लागले. ‘बेकायदा’ हा शब्द काकांनी तीनदा म्हणायला लावला. भरपाईचा आकडा विचारलाच नाही.

“डब्याचं काय लिवलं?”

“स्टीलचा एक डबा.”

“कोनाचा?”

मी पुन्हा पाहिलं. “नाव नाही, काका.”

“झाकनावर कोरलं व्हतं, तरी नाई?”

काका उठले आणि फडताळातून सगळ्यात जुनी वही घेऊन आले. पहिल्या पानावर पहिली नोंद होती, काकूंनी डबा नेला त्या दिवसाची, ‘सुमन. आमद, ठाणे, सकाळी आठ.’ तपशिलाचा रकाना कोरा. एवढ्या वह्यांत मी पाहिलेला तो पहिलाच कोरा रकाना.

काकू मोरीशी भाजी धूत होत्या. काकांनी पेन उघडलं, पण तिकडे पाहिलं नाही.

“काय व्हतं वं डब्यात?”

काकूंचे हात थांबले. “सा वर्सांनी इचारता?”

“मले भेटलाच नाई ना तो.”

“वांग्याची भाजी. दोन भाकरी,” काकू म्हणाल्या. “अन् आठ नाई, साडेसात वाजले व्हते.”

काकांनी आठ खोडलं, साडेसात केलं. भाजी लिहिली, भाकरी लिहिल्या आणि वही पुढे सरकवली. काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि सही केली.