चार मॅनेजर आणि अपुरी ताडपत्री

कायदा मोडायला अक्कल लागत न्हाई, कोणीबी मोडतो. कायद्यात राहून सुटायला अक्कल लागते, आन ती वसमत तालुक्यात फक्त आपल्याकडं हाय, असं मी यंदाच्या चैत्रापर्यंत समजत होतो.

माझा हळद पॉलिश करायचा छोटा कारखाना हाय. शेतकरी शिजवून वाळवलेली हळद आणतात, आमी ती मोठ्या लोखंडी ढोलात फिरवून चकचकीत करून देतो. कामाला चौघं: संतराम, प्रभू, सटवाजी आन चंदाबाई. सीझनमधी सकाळी आलेली माणसं रात पडली तरी राबतात, कधी कुरकुर न्हाई. यंदा कुरकुर आली ती संतरामच्या मोबाइलातून.

"मालक," तो डोकं खाजवत म्हणला, "मोबाइलवर एक जण सांगून राहिला, जास्तीच्या तासाला डबल मजुरी असते म्हणं. बराबर हाय का?"

"मोबाइलवर लोक चंद्रावर वांगी लावून राहिलेत," मी म्हणलो.

पण तडक गाडी काढली आन वारंगा फाट्याला लालसिंगच्या धाब्यावर गेलो. लालसिंगचा भाचा पुण्याच्या कंपनीत हाय, म्हणून आमच्या भागात कायद्याचं लालसिंगलाच इचारतात.

"मॅनेजरला ओव्हरटाइम नसतो शेठ," लालसिंग म्हणला. "माझा भाचा मॅनेजर हाय. रातभर राबतो बिचारा, वरती दमडी भेटत न्हाई."

मला इतका आनंद झाला की चहाचे पैसे मीच दिले. लालसिंग घाबरून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी चौघांना उभं केलं. संतराम लोडिंग मॅनेजर, प्रभू ढोल मॅनेजर, सटवाजी गोदाम मॅनेजर, चंदाबाई चाळणी मॅनेजर. पगार तोच, मान मोठा. माझी बायको सुकन्या कारखान्याचा सगळा हिशोब बघते. ती म्हणली, "आन मी?"

"तू घरची."

"बघा बरं," एवढंच ती बोलली. बायको 'बघा बरं' म्हणली की शहाण्या माणसानं थांबावं. मी फ्लेक्स छापायला गेलो.

उद्या कोणी म्हणायला नको की हे मॅनेजर खोटे हाईत, म्हणून फाटकावर हा मोठा फ्लेक्स लावला. 'निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन.' चौघांचे फेटे बांधलेले फोटो, मधी माझा, त्यांच्या दुप्पट. तिथंच माती खाल्ली. प्रभूची बायको शिवकन्या दिवाळीपासून रुसून माहेरी बसली होती. तिच्या बापानं येता-जाता फ्लेक्स बघितला आन पोरीला सोता आणून घातली. मॅनेजरच्या घरी नांदायला काय हरकत हाय, म्हणला. सटवाजी पांढरा शर्ट खोचून येऊ लागला. चंदाबाईनं चाळणीशेजारी खुर्ची मांडली.

"चंदाबाई, काहून बसलात?"

"मॅनेजर कुठं उभा राहतो का मालक?"

ती चाळणीवर लक्ष ठेवून राहिली होती. चाळणी आपली जागेवर पडून होती. नव्याचे नऊ दिवस म्हणून मी सोडून दिलं.

तेवढ्यात माझे सासरे मसाजीराव हळद घेऊन आले. "जावईबापू, वर्षाचं पीक तुमच्या हवाली केलं," म्हणले आन गावी गेले. हळद जरा ओलसर लागली, म्हणून अंगणात उन्हाला पसरली. भिजली तर रंग जाणार, आन सासऱ्याचं वर्ष पाण्यात. मग मला सासुरवाडीत कोणी पाणीबी इचारणार न्हाई.

दुपार कलली आन सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला आभाळ काळं झालं. चैत्रात अवकाळी!

"ताडपत्री आणा!" मी ओरडलो.

"प्रभू, ताडपत्री आण," संतराम म्हणला.

"सटवाजी, ऐकू आलं न्हाई का?" प्रभू म्हणला.

"ताडपत्री गोदामातून काढून द्यायचा हुकूम मी देतो," सटवाजी म्हणला. "टाकायचं काम दुसऱ्या खात्याचं."

"आधी हळद गोळा करा म्हणून मी कवाची सांगून राहिले," चंदाबाई खुर्चीवरून म्हणली.

चौघांनी एकमेकांना इतके हुकूम दिले की जिल्ह्याचा कारभार चालला असता. हळद मी आन सुकन्यानं ओढली. ढीग केला, ताडपत्री टाकली, तर ती अपुरी! थेंब पडू लागले. सुकन्या फाटकाकडं पळाली, फ्लेक्स खसकन ओढून काढला आन उरलेल्या ढिगावर पालथा टाकला. माझं दुप्पट तोंड सासऱ्याच्या हळदीत गेलं, पण हळद वाचली.

पाऊस उघडला तसे शेडखालून एक गृहस्थ पुढं आले. मोटारसायकल लावून पावसाच्या आडोशाला थांबले होते. कामगार खात्याचे साहेब निघाले.

"फ्लेक्स बघून आलो," ते म्हणले. "नुसतं मॅनेजर म्हणून भागत नाही. माणूस प्रत्यक्ष काय काम करतो ते बघतात. तुम्ही नावालाच मॅनेजर केले असणार, म्हणून नोटीस द्यायची होती."

मी हात जोडले.

"पण मघापासून बघतोय. आभाळ कोसळलं तरी एकानं कशाला हात लावला नाही, फक्त हुकूम सोडले. हे अस्सल मॅनेजर दिसतात." ते गाडीवर बसले. "मात्र हे पोती उचलताना दिसले, तर ते कामगार. मग डबल मजुरी. मी येत राहीन."

साहेब गेले. मी पोत्याकडं बोट केलं. चौघं दोन पावलं मागं सरले.

"न्हाई मालक," संतराम कळवळून म्हणला. "आमी हात लावला तर तुमी अडचणीत याल. तुमचं मीठ खाल्लंय."

मी हात टेकले. "ठीक हाय, परत मजूर व्हा. डबल मजुरी देतो, मग तर झालं?"

प्रभूचा चेहरा पडला. "मालक, मग शिवकन्या पुन्यांदा माहेरी जाईल."

"त्याचा संसार मोडाल तर बघा," सुकन्या म्हणली. "आन मी घरची हाय, पोती वाहायला मला सांगू नका."

सासरे हळद न्यायला आले, तवा मी पोतं पाठीवर घेऊन चाललो होतो, कानापर्यंत पिवळा. त्यांचे डोळे भरून आले. "पोरगी कष्टाळू माणसाच्या घरी दिली," म्हणले.

आता रोज संध्याकाळी चारी मॅनेजर हात-पाय धुऊन घरी जातात. ढोल, चाळणी, पोती, सगळं माझ्याकडं. जाताना संतराम फाटकात थांबतो, मायेनं सांगतो, "मालक, लई येळ थांबू नका. तुमाला ओव्हरटाइम भेटत न्हाई."