तांबड्या रथाच्या चाकांची हकिकत

श्री. ज्याने चाक घडविले आणि चाकापुढे वाटही घडविली, त्यास वंदन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, माघमासी घडले ते वर्तमान लिहितो. बाळगोपाळहो, डोळे मिटा आणि मनात एक रथ उभा करा. घोडे जुंपू नका. हा इटली देशीचा मोटाररथ, दोन माणसे बसतील इतकाच, नाक लांब, रंग पिकल्या मिरचीचा, आणि गर्जना करी तेव्हा वेशीवरची कबुतरे उडत. उभा राहिला? आता ऐका.

एका राज्यी थोरले महाराज वृद्ध जाहले आणि त्यांची दृष्टी गेली, मग गादी धाकट्या महाराजांस दिली. राणीसाहेब कैलासवासी जाहल्यापासून थोरले हासले नव्हते. तेव्हा धाकट्यांच्या मनी आले की, वडिलांचा जुना रथ उजळून त्यांच्या वाढदिवशी पुढे उभा करावा, आणि एकवार त्यांनी हासावे. म्हणून ताकीद जाहली की थोरल्यांस कोणी कळू देऊ नये. नात यमुनाराजे आजोबांस रोज हात धरून बागेत नेई. तिलाही शपथ घातली, आणि तिने ती ओठ मिटून पाळिली. मग रंगारी लागले, कातडे शिवणारे लागले, आणि रथ झळाळला, आणि चाकांपाशी येऊन काम अडले. रथास ओतीव चाके होती, आणि पुढल्या डाव्या चाकाची कड चेपली होती. मग जुन्या रथांचे जाणते गंगाधरपंत चक्रदेव यांस बोलाविले. पंतांनी चष्मा पुसला आणि बोलिले, "सरकार, घात! रथ जन्मला त्या साली त्यास तारांची चाके होती. ही ओतीव मागाहून निघाली. आजोबांच्या लग्नाच्या तसबिरीत नातवाचा मोबाइल दिसावा, तसे दिसते हे!" दरबार हासला. धाकटे बोलिले, "आबासाहेबांनीच बसविली असतील, पंत. काही कारण असेल." पंत बोलिले, "असेल. सालापुढे कारण चालत नाही." आणि हे सर्वांस मोठे विद्वत्तेचे वाटले. थोरले महाराज तेव्हा बागेत उन्हास बसले होते, हाक मारिली तर ऐकू जावी इतके जवळ. परंतु गुपित फुटेल म्हणून कोणी विचारिले नाही. मग समुद्रापलीकडून त्याच सालाची तारांची चाके आणविली, आणि जुनी भंगारात गेली, आणि तेथून भट्टीत गेली, आणि त्यांची पातेली जाहली.

मग वाढदिवस उजाडला. थोरल्यांनी रथाच्या नाकावर हात ठेविला आणि बोलिले, "आमचाच की रे हा!" आणि खरोखर हासले. मग गुडघे टेकून पुढल्या डाव्या चाकाच्या कडेवरून बोट फिरविले, एकवार, दोनवार, आणि बोट तारांत अडकले, आणि हासू गेले.

"चाके कोणाची ही?"

"सालाची बरोबर चाके, आबासाहेब."

"तारांची आम्हीच काढिली होती. घाटात तारा तुटत. मग ओतीव घातली आणि तुझ्या मासाहेबांस घेऊन निघालो, तो वासरू आडवे आले आणि चाक मैलाच्या दगडावर गेले. त्या काय बोलिल्या ठाऊक आहे? 'वासरू वाचले, आपण वाचलो, महाराजांचा तोरा तेवढा चेपला!' तो खळगा आम्ही कधी दुरुस्त करू दिला नाही. कोठे आहे ते चाक?"

पंत जमिनीकडे पाहू लागले. धाकटे बोलिले, "वितळविले, आबासाहेब."

थोरल्यांनी तारांत अडकलेले बोट सोडविले. मग बोलिले, "बरे. रथ सुरेख जाहला आहे हो."

बाळांनो, पंतांचे साल खोटे नव्हते, आणि धाकट्यांची मायाही खोटी नव्हती. बागेपर्यंत जाऊन विचारणे तेवढे राहिले, आणि ज्या चाकाने घाट चढला त्यात आता कोणाची आमटी शिजते. इतके लिहून लेखणी ठेवावी, परंतु यमुनाराजेने काय केले ते सांगितले पाहिजे.

ती मिस्त्रीच्या पेटीकडे गेली आणि चाकाचे मधले मळसूत्र ठोकून आवळावयाचा तांब्याच्या तोंडाचा हातोडा घेऊन आली, आणि तो आजोबांच्या हाती दिला.

"कुठे होता खळगा?"

"वेडी गं. नवे चाक आहे. बाप रागावेल."

तिने बापाकडे पाहिले. धाकट्या महाराजांनी मान खाली घातली आणि दोन पावले मागे सरले. मग तिने आजोबांचे बोट कडेवर ठेविले.

"इथे?"

"थोडे वर."

"इथे?"

"हं."

मग यमुनाराजेने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरिले, डोळे मिटिले, आणि बोलली, "मारा."