देवयानीची फी कोणी भरली?

अमेरिकेत मिशिगनमधलं ट्रॉय आणि आसपासच्या पाच-सहा गावांत मराठी माणसाच्या घरी काही गूढ घडलं, तर लोक थेट माझ्याकडे येतात. निदान यावं, असं माझं मत आहे. मी सुमंत. पोटासाठी एका मोटार कंपनीत नव्या गाड्यांमधली कुरकुर शोधतो. डॅशबोर्डच्या आत कुठला स्क्रू ढिला आहे, हे मी डोळे मिटून नुसत्या कानांनी सांगतो. मुक्या गाडीच्या मनातलं ज्याला कळतं, त्याच्यापुढे बोलत्या माणसाची काय मिजास! माझी पत्नी उल्का ही माझी सहायक. हे मी ठरवलंय. तिला अजून मान्य नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी पलीकडच्या गल्लीतला राजाराम लॅपटॉप काखेत मारून आला. राजाराम इतका सरळ माणूस, की पार्किंग मीटरवर आधीच्या गाडीची वीस मिनिटं शिल्लक असली, तरी हा स्वतःचे पैसे घालतो.

"सुमंत, भानगड झालीय. कुठे बोलू नकोस."

त्यानं एक कागद टेबलावर ठेवला. त्याची मुलगी देवयानी यंदाच कॉलेजला गेली होती. तिच्या कॉलेजनं टॅक्ससाठी दिलेला तो फॉर्म होता. पहिल्या चौकटीत लिहिलं होतं : फीपोटी मिळालेली रक्कम, अकरा हजार आठशे साठ डॉलर.

"मग?"

"मग काय! मी एक डॉलरसुद्धा भरलेला नाही!"

मी डोळे मिटले. राजाराम बोलत राहिला. "लोन काढायचं ठरलं होतं. ऑगस्टमध्ये अप्रूव्ह झालं, पण अकाउंटला काही आलंच नाही. बिलही आलं नाही. म्हटलं, येईल सावकाश. आता टॅक्स भरायला बसलो, तर या फॉर्मवर टॅक्समध्ये अडीच हजार डॉलरपर्यंत सूट, म्हणजे क्रेडिट मिळेल म्हणतात. पण फी दुसऱ्यानंच भरली असेल, तर मी भरली असं कसं सांगू? खोटं होईल ते. आणि माझ्या मुलीची फी परस्पर भरणारा हा आहे कोण?"

"देवयानीला विचारलंत का?" चहा ठेवत उल्का म्हणाली.

"साक्षीदाराला सावध करायचं नसतं," मी म्हणालो. सहायकांना या गोष्टी कळत नाहीत.

माझा पहिला निष्कर्ष होता स्कॉलरशिप. मुलगी हुशार, कॉलेज दिलदार. राजारामनं फॉर्मवरची स्कॉलरशिपची चौकट दाखवली. ती रिकामी होती. तुझं लक्ष आहे का ते बघत होतो, असं मी त्याला सांगितलं.

"नागपूरला तुझा भाऊ आहे ना, अनिल? त्यानं कधी तुझा काही अपराध केलाय?"

"लहानपणी माझी सायकल परस्पर विकली होती."

"पश्चात्ताप!" मी टेबलावर मूठ आपटली. "चाळीस वर्षांच्या व्याजासकट! लाव फोन."

अनिलनं शांतपणे ऐकून घेतलं. "कोणाची फी बे? अरे, मीच तुला फोन करणार होतो. आमच्या पोराच्या क्लासची फी राहिलीय. बघतोस का जरा?"

या निष्कर्षापायी राजारामचे तीस हजार रुपये गेले.

एवढ्यात राजारामची बायको प्रतिमा त्याला शोधत आली. मी तिच्या फोनवरचे देवयानीचे फोटो मागितले. सातपैकी पाच फोटोंत एकच उंच मुलगा.

"हा देवांग," प्रतिमा म्हणाली. "वर्गातलाच आहे. ग्रोसरीला गाडीतून नेतो तिला."

"गाडी कोणती?" मी आवाज खाली आणला.

"पांढरी लेक्सस. चांगली महागातली."

मी काहीच बोललो नाही. न बोलणं हे माझं सगळ्यात धारदार हत्यार. प्रतिमा फोन ओढून घेऊन फोटो पुन्हा पाहायला लागली. राजारामचा चेहरा मात्र असा उतरला, की मला माझं हत्यार म्यान करावंसं वाटलं.

"तिला वाटलं असेल," तो हळूच म्हणाला, "बाबांना झेपणार नाही. म्हणून आपल्याला न सांगता दुसऱ्याकडून..."

उल्कानं गॅस बंद केला, हात पुसले आणि स्पीकरवर फोन लावला.

"हाय उल्कामावशी!"

"देवयानी, तुझी फी कोणी भरली गं?"

"लोनमधून गेली. व्हाय?"

"बाबा म्हणतात, त्यांच्या अकाउंटला पैसे आलेच नाहीत."

"तिथे येतच नाहीत ते. डायरेक्ट कॉलेजला जातात. लोन माझ्या नावावर आहे, बाबांनी कोसाइन केलंय, जामीन म्हणून. बिल माझ्या ईमेलवर येतं. बाबा, यू न्यू दॅट, राइट?"

राजारामनं घसा साफ केला. "हो, म्हणजे... सही करताना पानं फार होती गं."

"आणि तो देवांग? ती लेक्सस?" मी शेवटचा घाव घातला.

"त्याच्या आईची आहे, काका. तो माझ्याकडून पेट्रोलचे पैसे घेतो!"

प्रतिमानं सुटकेचा श्वास सोडला, पण राजाराम अजून अडलेलाच. "लोन तर फेडायचंय अजून. मग फी भरली असं कसं म्हणू?"

"बरोबर!" मी म्हणालो. "फेडशील तेव्हाच..."

"थांबा," म्हणत उल्कानं त्याचा लॅपटॉप ओढला आणि टॅक्स खात्याच्या सूचना वाचून काढल्या. लोनमधून भरलेली फीसुद्धा भरलेलीच धरतात. ज्या वर्षी कॉलेजला पोचली, ते वर्ष धरायचं. लोन कधी फेडता याच्याशी संबंध नाही. लोन देवयानीच्या नावावर असलं, तरी राजारामच्या टॅक्स रिटर्नवर ती त्याच्यावर अवलंबून म्हणून दाखवलेली असते, म्हणून क्रेडिट त्यानंच घ्यायचं. उत्पन्नाची मर्यादा होती, तिच्यात तो बसत होता. पूर्ण अडीच हजार.

अशा रीतीनं टॅक्सचं क्रेडिट राजारामला मिळालं. प्रकरण सोडवल्याचं क्रेडिट प्रतिमानं उल्काला दिलं. मला उल्कानं कपबश्या दिल्या, विसळायला.

"देवयानी, हे पैसे तुझ्या लोनमध्ये टाकतो," राजाराम फोनवर म्हणाला.

"थोडे विंटर जॅकेटला?"

"थोडे जॅकेटला."

मग तो रिटर्न भरायला बसला. स्क्रीनवर प्रश्न आला : देवयानी ही तुमच्यावर अवलंबून आहे, असा तुम्ही क्लेम करता का?

"हा काय प्रश्न झाला?" राजाराम लॅपटॉपवरच खेकसला. "माझीच आहे ती!"

"बाबा, जस्ट क्लिक येस," फोनवरून देवयानी म्हणाली.

त्यानं क्लिक केलं. सकाळपासूनचं हे पहिलंच उत्तर, जे त्यानं मला न विचारता दिलं होतं.